१४ अंड्यांतून दोनच पिल्लं, बाकीची कवचातच गेली. कुठे चुकलं?

परसातली

नमस्कार. काल माझ्या उबवणीचा चोविसावा दिवस संपला आणि रात्री मी पेटी बंद केली. १४ अंडी ठेवली होती. दोन पिल्लं निघाली, एक माझ्या हातात गेलं आणि ११ अंडी तशीच राहिली. ती बादलीत घालून मागे ठेवली आहेत, टाकायला हात होत नाही. त्यांतल्या एकातून परवापर्यंत चिवचिव ऐकू येत होती.

सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हाला चूक पकडता येईल.

गेल्या वर्षी एका दिवसाची २४ पिल्लं आणली. येताना खोक्यात ना पाणी ना दाणा, माझा जीव खालीवर होत होता. मग कळलं की बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस काढतं. घरी आल्यावर एकेकाची चोच पाण्यात बुडवून आधी पाणी दाखवलं, मग खाद्य. दिव्याखाली पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी, हे पाठच करून ठेवलं होतं. पण खरं शिकवलं ते पिल्लांनी. दिव्याखाली गोळा होऊन चिरक्या आवाजात ओरडायला लागली की त्यांना गार लागतंय. कडेला जाऊन, चोची उघड्या टाकून धापा टाकायला लागली की उकडतंय. सगळी एकाच कोपऱ्यात गेली की कुठून तरी वारा लागतोय. आणि सगळीकडे पसरून हळू आवाजात आपापसात पुटपुटत असली की मी निवांत झोपायला जायची.

तरी पहिल्या आठवड्यात तीन गेली. एक पाण्याच्या ताटलीत बुडालं, त्या दिवसापासून ताटलीत गोटे टाकते. एकाचे पाय फाकले, कारण खाली गुळगुळीत पेपर अंथरला होता. पाय चिकटपट्टीने जोडून बांधले, पण उशीर झाला होता. तिसऱ्याच्या शेपटीखाली विष्ठा वाळून गच्च बसली होती आणि ते मला दोन दिवस दिसलंच नाही. आता पहिले आठ दिवस सकाळ-संध्याकाळ एकेकाला उचलून मागे बघते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती खपली मऊ करून काढायची, ओढायची नाही, ओढली की खालची कातडी सोलून येते. पाचव्या आठवड्यात पावसाचं पाणी आत आलं, भुसा ओला झाला आणि रक्ती हगवणीत आणखी एक गेलं. उरली २०, त्यांत १४ तलंगा आणि ६ नर. पाच नर देऊन टाकले, एक ठेवला. कोंबडा वजनदार आणि देखणा आहे. चार कोंबड्यांच्या मागे तो इतका असतो की त्यांच्या पाठीवरची पिसं पार झडली आहेत.

एकविसाव्या आठवड्यात पहिलं अंडं मिळालं. अजून गरम होतं आणि कवचावर रक्ताची एक बारीक रेघ होती. तेव्हापासूनच मनात होतं की यांचीच पिल्लं काढायची.

गेले तीन महिने तयार खाद्य बंद करून मी मुख्यतः धान्याची चुरी देते. आवडीने खातात. उबवणीसाठी रोज सगळ्यांत मोठं असेल ते एक अंडं बाजूला काढत गेले आणि टोपलीत आडवं ठेवत गेले, १४ जमायला दोन आठवडे लागले. पेटी लहान आहे, वर दिवा, खाली जाळी, पंखा नाही. थर्मामीटर आतल्या बाजूला, दिव्याच्या थोडा खाली टांगलेला आहे. त्यावर २१ दिवस ३७.५ सोडून दुसरा आकडा दिसू दिला नाही. दिवसातून तीनदा अंडी फिरवली, अठराव्या दिवशी थांबवलं. शेवटचे तीन दिवस ओलावा टिकावा म्हणून पेटीची भोकं चिकटपट्टीने बंद केली.

एकविसाव्या दिवशी काहीच नाही. बाविसाव्या दिवशी संध्याकाळी पहिल्या अंड्याला टोच पडली. मी दर तासाला झाकण उघडून बघत होते आणि पाण्याचा फवारा मारत होते. एका अंड्याला भोक पडून दहा तास झाले तरी पुढे काही होईना, म्हणून मी चिमट्याने कवच सोलायला घेतलं. पापुद्र्यातली लाल शीर तुटली. पिल्लू बाहेर आलं तेव्हा त्याच्या बेंबीतून बलक अजून बाहेर लोंबत होता. वीस मिनिटं ते माझ्या तळहातावर होतं.

निघालेल्या दोनपैकी एकाच्या पायाची बोटं मुठीसारखी आत वळलेली आहेत, ते टाचांवर चालतं.

माझं कुठे चुकलं? आणि पुन्हा उबवायच्या आधी काय बदलू?

जुनं_खुराडं

ताई, आधी एक विनंती. ती बादली टाकू नका. आज-उद्या मोकळ्या जागेत बसून, हातमोजे घालून, एकेक अंडं रुंद टोकाकडून फोडा आणि आत काय आहे ते वहीत लिहा. वास येईल, मनाला त्रासही होईल. पण कोणतं पिल्लू कितव्या दिवशी थांबलं हे दुसरं कुणी सांगू शकत नाही, ते अंडंच सांगतं. ॲरिस्टॉटलने उबवणीतली अंडी दिवसागणिक फोडून पाहिली होती आणि तीन दिवस-तीन रात्रींनंतर रक्ताचा ठिपका धडधडताना दिसतो, असं लिहून ठेवलं आहे. मी २० वर्षं कोंबड्या पाळतोय आणि प्रत्येक उबवणीनंतर हेच करतो.

फोडल्यावर काय बघायचं ते सांगतो. आत नुसता बलक, रक्ताचा मागमूस नाही, म्हणजे बहुधा अंडं फळलेलंच नव्हतं. लाल कडं दिसलं तर गर्भ पहिल्या काही दिवसांतच मेला. अशा वेळी अंडी जुनी होती का, ठेवताना तापली किंवा हादरली का, ते आठवायचं. अर्धवट वाढलेलं पिल्लू दिसलं तर मला बहुतेक वेळा आईबापांच्या खाण्याची शंका येते. पूर्ण वाढून मेलेलं असेल तर चोच कुठे आहे ते नीट बघा. चोच रुंद टोकाच्या हवेच्या पोकळीत घुसलेली आहे की नाही, यात फार मोठा फरक आहे.

तुम्ही लिहिलंय त्यातूनच चार-पाच गोष्टी मला दिसतात.

पहिली आणि सगळ्यांत मोठी म्हणजे थर्मामीटर. पंख्याच्या पेटीत हवा सारखी फिरते, तिथे ३७.५ कुठेही मोजा, चालतं. बिनपंख्याच्या पेटीत गरम हवा वर साचते आणि दर बोटाला तापमान वेगळं असतं. तिथे मोजायचं ते अंड्याच्या माथ्याच्या उंचीवर, आणि तिथे ३८.३ ते ३८.९ च्या मध्ये हवं. तुमचा थर्मामीटर दिव्याजवळ आहे, म्हणजे आकडा दिव्याचा होता आणि अंडी तुम्हाला वाटत होतं त्यापेक्षा गार होती. पिल्लं बाविसाव्या-तेविसाव्या दिवसावर गेली ती यामुळेच. गार राहिलेल्या अंड्यातलं पिल्लू उशिरा निघतं, पोट मोठं आणि लिबलिबीत असतं, अंगात जोर कमी असतो. थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात घालून शून्य दाखवतो का बघा, मग कोमट पाण्यात ताप मोजायच्या थर्मामीटरशी ताडून बघा.

दुसरी गोष्ट भोकांची. शेवटच्या तीन दिवसांत पिल्लू फुप्फुसांनी श्वास घ्यायला लागतं. त्याला सगळ्यांत जास्त मोकळी हवा नेमकी तेव्हा लागते. ओलावा हवा असेल तर आतल्या पाण्याचं भांडं पसरट करा, भोकं कधीही बुजवू नका.

आता झाकणाबद्दल. यावर मी थोडं रेंगाळणार आहे, कारण आपण सगळेच इथे घसरतो. पिल्लू आधी आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत चोच घालतं. मग कवचाला एक भोक पाडतं आणि थांबतं. बाहेरून वाटतं ते अडकलंय. खरं तर ते तेव्हा कामात असतं, पापुद्र्यांतल्या शिरांमधलं रक्त अंगात घेत असतं, बलक पोटात ओढत असतं. याला १२ तास लागतात, १८ लागतात, कधी २४ सुद्धा. ते झालं की ते स्वतःभोवती फिरत कवच गोल कापतं आणि टोपी उडवल्यासारखं बाहेर येतं, हा भाग तासा-दीड तासाचा. तुम्ही दहाव्या तासाला सोललंत, तेव्हा शिरा चालू होत्या. आणि दर तासाला झाकण उघडल्यामुळे दमट हवा निघून जात होती. पापुद्रा कोरडा पडला की चामड्यासारखा होऊन पिल्लाला आवळतो, मग त्याला खरंच फिरता येत नाही. फवाऱ्याने वर पाणी पडतं, पण पापुद्रा पुन्हा मऊ होत नाही, शिवाय अंडं गार पडतं. अठराव्या दिवशी झाकण लावलं की शेवटचं पिल्लू वाळेपर्यंत उघडायचं नाही. आधी निघालेली आत २४ तास आरामात राहतात, त्यांच्या पोटात शिदोरी आहे हे तुम्हीच वर लिहिलंय.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या. त्यानंतर दर दिवसाला पिल्लं निघण्याचं प्रमाण घटत जातं. निमुळतं टोक खाली ठेवून, १३ ते १८ अंशांच्या थंड जागी साठवा, फ्रीजमध्ये नको, स्वयंपाकघराच्या उबेतही नको. आणि सगळ्यांत मोठं अंडं उबवणीला सगळ्यांत वाईट, त्यात दोन बलक असू शकतात. मध्यम, गुळगुळीत आणि नीट आकाराची निवडा.

पाठ उघडी पडलेल्या चार कोंबड्यांबद्दल लिहिलंत ते बरं झालं. तुमचा कोंबडा त्यांनाच धरून आहे. वजनदार नराला आठ-दहा माद्या पुरे होतात, तुमच्याकडे १४ आहेत. फळलेली अंडी किती, ते उबवण्याची वाट न बघता कळतं. खायला घेतलेली ताजी सहा अंडी बशीत फोडा. बलकावर एक पांढरा ठिपका असतो. तो नुसता भरीव, वेडावाकडा असेल तर अंडं वांझ. ठिपक्याभोवती नीट गोल कडं असेल तर फळलेलं.

वळलेल्या बोटांचं कारण मला चुरीत दिसतंय. जीवनसत्त्व ब-२ कमी पडलं की असं होतं. त्या पिल्लाला आजच पाण्यातून ब जीवनसत्त्वांचं औषध सुरू करा, लवकर दिलं तर बोटं उघडतात. आणि कोंबड्यांचं तयार खाद्य परत चालू करा. धान्याने पोट भरतं, पण त्या दाण्यातून पिल्लू घडायला लागतं तेवढं सगळं अंड्यात उतरत नाही.

रवणवाली

खुराडेकाकांनी पेटीचं सगळं सांगितलंच आहे. मी पेटी कधी वापरली नाही, माझी सगळी पिल्लं कोंबडीखालची. ताई, तुमच्या चौदांत कुणी खुडूक होते का? अंडी देणं बंद करून खोप्यात पसरून बसते, हात नेला की अंग फुगवून गुरगुरते, खालची पिसं स्वतः उपटून पोट उघडं करते, अशी एखादी असेल तर तिचं खुडूकपण मोडू नका. उघड्या पोटाची ऊब थेट अंड्याला लागते.

पण खुडूक दिसली म्हणून लगेच अंडी घालायची नाहीत. आधी तीन दिवस खोट्या अंड्यांवर बसू द्या. काही कोंबड्या दोन दिवसांत कंटाळून उठतात. पक्की बसली की रात्री अंधारात उचलून वेगळ्या, शांत जागी न्या. दिवसा हलवली की ती जुन्या जागेकडे धाव घेते. आधी तिच्या पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी उवा आहेत का ते बघून घ्या. २१ दिवस एका जागी बसणार, उवा झाल्या तर तिचं रक्त आटतं, मग ती अर्ध्यावर उठते. खाली तिच्या अंगाखाली मावतील तेवढीच अंडी, आठ ते बारा. एक जरी बाहेर राहिलं तरी ती अंडी आतबाहेर करत राहते आणि आळीपाळीने सगळीच गार पडतात.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या कोंबड्या येऊन त्यातच अंडी घालून जातात, मग कुठलं कधीचं ते कळत नाही.

दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, मोठी विष्ठा टाकते, मातीत लोळते. घाबरू नका, अंड्यांना तेवढं गार पडणं सोसतं. फिरवणं, ओलावा, काही बघावं लागत नाही. शेवटच्या दिवशी कान देऊन ऐका. पिल्लं आतून बोलायला लागतात आणि ती खालच्या आवाजात क्लक् क्लक् करून उत्तर देते.

एक सुचवते. पेटी आणि खुडूक दोन्ही एकाच दिवशी सुरू करा. पेटीतली पिल्लं वाळली की त्याच रात्री अंधारात तिच्या पंखाखाली सरकवा. सकाळी ती सगळी तिची असतात.

परसातली

दोन दिवस लागले, पण ११ ही अंडी फोडली. पहिलं फोडताना हात थरथरत होता, नंतर सवय झाली असं नाही म्हणणार, पण बघता आलं.

चार अंड्यांत नुसता बलक होता. एकात लाल कडं, अगदी स्पष्ट, बांगडीसारखं. दोन अर्धवट वाढलेली, अंगठ्याएवढी. त्यांच्या अंगावरची लव सरळ नव्हती, गाठी मारल्यासारखी गुंडाळलेली होती. चार पूर्ण वाढलेली. त्यांतल्या तिघांची पोटं फुगलेली, बलक अर्धा बाहेर, चोच पापुद्र्याच्या आत. चौथ्याची चोच हवेच्या पोकळीत होती. ज्या अंड्यातून आवाज येत होता, ते हेच. त्यावर मी गोल खूण केली होती.

थर्मामीटर अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर आणला. वर ३७.५ दिसत असताना तिथे ३७ च होतं.

ताजी सहा अंडी बशीत फोडली. तिघांत कडं होतं, तिघांत नव्हतं.

वळलेल्या बोटांच्या पिल्लाला औषध सुरू केलंय. आज सकाळी उजव्या पायाची दोन बोटं जमिनीला टेकली.

जुनं_खुराडं

ताई, हे तुम्ही लिहिलंत ना, ते प्रत्येक पाळणाऱ्याने एकदा वाचावं असं आहे.

गुंडाळलेली लव ही ब-२ कमी पडल्याचीच खूण, वळलेल्या बोटांचीच सख्खी बहीण. मधल्या दिवसांत गेलेली ती दोन चुरीमुळे गेली. फुगलेल्या पोटाची तीन गार पेटीमुळे. आणि चौथं, त्याला बाहेरची हवा मिळाली नाही. बाहेरच्या कवचाला भोक पाडायचं बळ येईपर्यंत आतली हवा संपली.

आता घाई करू नका. खाद्य बदलल्याचा परिणाम अंड्यात उतरायला किमान दोन आठवडे द्या. तेवढ्यात कोंबड्याला सात-आठ माद्यांसोबत वेगळ्या आवारात ठेवा आणि त्यांचीच अंडी उबवणीला घ्या. पाठ उघडी पडलेल्या चौघींना त्यात घालू नका, त्यांच्या पिसांना विश्रांती मिळू दे. कोंबड्याजवळून काढल्यावरही त्या दोन आठवड्यांपर्यंत फळलेली अंडी देऊ शकतात, बीज कोंबडीच्या पोटात तेवढे दिवस टिकून राहतं.

आणि एक वजनकाटा जवळ ठेवा, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा पुरतो. आर्द्रतेच्या यंत्रावर विसंबण्यापेक्षा अंडं तोलून बघणं भरवशाचं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन सुमारे १२ ते १३ टक्के घटायला हवं, म्हणजे ५५ ग्रॅमचं अंडं ४८ च्या आसपास यावं. कमी घटलं तर आत ओलावा जास्त आहे, हवेची पोकळी लहान राहणार. जास्त घटलं तर कोरडं पडतंय. पेटीतली आर्द्रता पहिले १८ दिवस साधारण ४५ ते ५५ टक्के, नंतर ६५ ते ७०. फिरवताना एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून विषम वेळा फिरवा, तीन किंवा पाच. म्हणजे रात्रीचा लांब पल्ला रोज त्याच कुशीवर जात नाही.

कोंबड्यांचा_डॉक्टर

सगळा धागा वाचला. उबवणीत भर घालण्यासारखं काही उरलेलं नाही, पण घरी निघालेल्या पिल्लांबद्दल एक गोष्ट राहून गेली आहे.

विकत आणलेल्या पिल्लांना बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली मारेक रोगाची लस टोचलेली असते. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये हा आजार प्रथम नोंदवला. दोन-तीन महिन्यांचं धडधाकट पिल्लू एक पाय पुढे आणि एक पाय मागे टाकून पडून राहतं, अशी त्याची ओळख. घरच्या पेटीत निघालेल्या पिल्लाला ही लस मिळालेली नसते. विषाणू मोठ्या कोंबड्यांच्या पिसांच्या कोंड्यातून पसरतो, म्हणून लस विषाणू गाठण्याआधी, म्हणजे पहिल्या दिवशीच द्यायची. पुढचा बेत आखताना तुमच्या पशुवैद्यांशी आधीच बोलून ठेवा, कारण लस एकदा कालवली की तास-दोन तासांतच संपवावी लागते. कोंबडीखाली वाढणार असतील तरी लस हवीच.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब घालून देतात, पुढचं वेळापत्रक ठिकाणानुसार बदलतं. पाण्यातून लस द्यायची असेल तर त्या पाण्यात क्लोरीन नको, आणि आधी दोनेक तास पिल्लांना पाण्याविना ठेवा, म्हणजे सगळी एकदम पितात.

ताईंनी रक्ती हगवणीचा उल्लेख केला. ती एका परजीवीमुळे होते. तो कोरड्या भुशात वाढू शकत नाही, त्याला ऊब आणि ओल दोन्ही लागतात. पाण्याच्या भांड्याभोवतीचा भुसा मुठीत दाबून बघा. गोळा झाला की बदला. औषधापेक्षा हे जास्त कामाचं आहे. आणि मोठ्यांचं अंड्यांसाठीचं खाद्य पिल्लांना कधी घालू नका, त्यातलं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. सगळी एकत्र राहणार असतील तर सगळ्यांना पिल्लांचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, पिल्लांची मान पोचणार नाही एवढ्या उंचीवर ठेवा.

परसातली

अडीच महिन्यांनी लिहितेय. उशीर झाला, पण पूर्ण होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

खाद्य बदललं, तीन आठवडे थांबले. कोंबडा आठ जणींसोबत वेगळा ठेवला. बशीत सहा अंडी फोडली, सहाच्या सहांत कडं होतं. मग सात दिवसांत २१ अंडी जमवली, मध्यम आकाराची, टोक खाली करून. नेमकी त्याच सुमारास करड्या रंगाची एक खुडूक झाली. तीन दिवस खोट्या अंड्यांवर बसवली, उठली नाही. पेटीत १२ ठेवली, तिच्याखाली ९.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पेटीतली अंडी पाहिली. मधोमध एक काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या शिरा, ठिपका हलत होता. गेल्या वेळी मला हे दिसलंच नव्हतं, कारण टॉर्च अंड्याला टेकवून भोवती हाताची मूठ करायची असते हे ठाऊक नव्हतं. एक वांझ होतं, एकात लाल कडं, दोन्ही काढली. खूण केलेलं ५५ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी तोललं, ४८ भरलं.

मग झाकण लावलं आणि वर एक विटेचा तुकडा ठेवला. उघडायचा मोह झाला तर आधी वीट उचलावी लागेल, तेवढ्या वेळात थांबता येईल म्हणून. दोन्ही भोकं उघडी होती.

विसाव्या रात्री पहिली टोच दिसली. काचेतून बघत बसले. एका अंड्याला भोक पाडून पिल्लू १६ तास थांबलं होतं. मी दोनदा विटेला हात लावला आणि दोनदा काढला. सतराव्या तासाला अंडं हलायला लागलं, भोकाची रेघ गोल गोल पुढे सरकली आणि कवचाचं टोपण आतून ढकललं गेलं. पेटीतल्या दहातून आठ निघाली. उरलेली दोन फोडली. एकाचं डोकं निमुळत्या टोकाकडे होतं, दुसऱ्याचं कारण मला ओळखता आलं नाही.

कोंबडीखालचं एक अंडं बाराव्या दिवशी फुटलं, एक वांझ निघालं, बाकी सातांतून सात. रवणवालीताई, विसाव्या दिवशी संध्याकाळी मी खोप्याजवळ कान नेला. तुम्ही म्हणालात तसाच आवाज होता, घशातल्या घशात, आणि खालून उत्तर येत होतं.

डॉक्टरसाहेब, लस आधीच ठरवून ठेवली होती. आठ आणि सात अशी पंधराही पिल्लं त्याच दिवशी टोचून आणली. रात्री दिवा न लावता पेटीतली आठ एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवली. तिने एकदा माझ्या मनगटावर चोच मारली, मग पंख थोडा उचलून धरला.

मागच्या खेपेची ती दोघं आता अकरा आठवड्यांची झाली आहेत. वळलेल्या बोटांचं पिल्लू तलंग निघालं. काल रात्री ती पहिल्यांदा मोठ्यांच्या शेजारी दांडीवर चढून बसली. टॉर्च मारून पाय पाहिले, आठही बोटांनी दांडी घट्ट धरलेली होती.